आमच्या डॉक्टरांना व्हिप येत नाही

पक्षाच्या खासदाराचा पीए असतो ना, त्याच्याकडे मतदानाचे किस्से फारसे नसतात. पक्षाचा व्हिप येतो, साहेब बटण दाबतात, विषय संपला! आमचे खासदार पडले अपक्ष. मूळचे गुरांचे डॉक्टर, यवतमाळ जिल्ह्यातल्या गोठ्यांमध्ये हयात गेलेली. निवडून आले तरी लोक त्यांना डॉक्टरच म्हणतात. त्यांचा पीए झालो आणि दर विधेयकामागे एक किस्सा साचत गेला. आता कुणी म्हणालं, "सांग ना एखादा," की माझी पंचाईत होते. एखाद्यावर थांबताच येत नाही!

*

पहिलंच अधिवेशन. शेजारच्या खासदाराच्या हातात व्हिप दिसला, तसं डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "आपला आला का?"

"आपल्याला कोण पाठवणार? आपण अपक्ष."

"मंग कोनतं बटन दाबाचं, हे ठरवाचं कोनं?"

"तुम्हीच, डॉक्टर."

ते खुर्चीत टेकलेच. "बापा बापा! म्हैस बरी, कुठं दुखते ते दाखवते तरी!"

त्याच दिवशी काकूंचा, म्हणजे त्यांच्या मिसेसचा, फोन आला. व्हिप येत नाही म्हणून डॉक्टर कुरकुरले. काकूंनी विचारलं, "व्हिप म्हंजे काय?"

"चाबूक."

"अन् तो नाई भेटला म्हनून रडून राह्यले? जलमभर लोकायले सांगत होते ना, बैलाले मारू नका, तो बोलल्यानं चालते म्हनून! मंग चाला!"

डॉक्टर चालले. विधेयक अथपासून इतिपर्यंत वाचलं, मत दिलं आणि बोर्डाचा पेपर सोपा गेलेल्या पोरासारखे बाहेर आले.

*

जुन्या गाड्या भंगारात काढायचं विधेयक आलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ज्याच्या पोटावर पाय येते, त्याले आधी विचारू." आम्ही नेरला रशीदभाईंच्या गॅरेजमध्ये गेलो. रशीदभाईंचा सगळा धंदा जुन्या गाड्यांचा. ते पाना हातात घेऊनच कडाडले, "डॉक्टरसाब, बिलकुल विरोध करा! गोरगरिबाची गाडी हाय ही!"

डॉक्टरांनी समोरची जीप दाखवली. "ब्रेक लागते का हिचा?"

"कधी कधी."

"तुमच्या नातवाले बसवान का हिच्यात?"

रशीदभाईंनी पाना खाली ठेवला. जीपभोवती एक चक्कर मारली आणि मग डॉक्टरांच्या कानाशी आले. "द्या मत. पन एक मेहेरबानी करा, मले इचारून देल्लं असं नेरमधी सांगू नका!"

*

एकदा एका विधेयकावर दोन्हीकडच्या मतांचं गणित अगदी काठावर आलं. सकाळीच दिल्लीच्या फ्लॅटवर सरकारी बाजूचा एक माणूस आला. त्याला बाहेर बसवतो न बसवतो, तोच विरोधी बाजूचा एक येऊन ठेपला. मी घाईघाईनं त्याला स्वयंपाकघरात लपवलं. घामाघूम! दोघांनाही चहा देतोय, दोघांनाही सांगतोय, "साहेब येतातच!"

डॉक्टर टॉवेल खांद्यावर टाकून आले. दुसऱ्याला हाताला धरून बाहेर आणलं, पहिल्याच्या बाजूला बसवलं आणि म्हणाले, "मले समजावून काय फायदा? एकमेकायले समजावा. मी आंघोळ करून येतो."

परत येईपर्यंत विधेयक समितीकडे पाठवायचं दोघांचं ठरलं होतं! ते गेल्यावर मी जमिनीवरच फतकल मारली.

"अर्ध्यात निंघालो आंघोळीतून," डॉक्टर म्हणाले. "वाटलं, एवढ्या वेळात मारामारी झाली असन."

*

एकदा तर घातच झाला. हो म्हणायचं होतं आणि डॉक्टरांनी लाल बटण दाबलं! मी ऑफिसात टीव्हीसमोर डोकं धरून बसलो. तासाभरानं डॉक्टर आले ते हसतच.

"अहो, मत चुकलं ना!"

"चुकलंच होतं. पन तिथं चिठ्ठी भेटते, ते भरून देल्ली की मत दुरुस्त! चुकीच्या ढोराले इंजेक्शन देल्लं तं वापस निंघते का सांग? लय चांगली जागा हाय ते संसद!"

*

आणि ढाणकीचा तो दिवस.

बियाण्यांचं विधेयक होतं. बोगस बियाणं निघालं तर विकणाऱ्या दुकानदारालाही शिक्षा. ढाणकीचे दुकानदार खवळले. त्यांचा पुढारी गजानन, डॉक्टरांचा प्रचार करत गावोगाव फिरलेला माणूस. म्हणाला, "कंपनीच्या पापाची सजा आमाले काहून?" डॉक्टरांना पटलं. त्यांनी दुरुस्ती मांडली, ती पडली. तरी नासलेल्या पेरण्या आठवून त्यांनी शेवटी बाजूनं मत दिलं.

नंतर ढाणकीला गेलो, तर रस्त्यात काळे झेंडे. पोलीस म्हणाले, मागच्या रस्त्यानं न्या. डॉक्टर म्हणाले, "मत समोरून देल्लं, मंग मांगून कायले जाऊ?"

गाडीतून उतरले, पण झेंडेवाल्यांत गजाननच नाही! कुणीतरी सांगितलं, त्याची म्हैस सकाळपासून अडलीय, रेडकू आडवं आलंय.

डॉक्टर सरळ गोठ्यात. शर्ट काढला, हात साबणानं धुतला आणि खांद्यापर्यंत आत घातला. गजाननानं म्हशीचं डोकं धरलं, मी कंदिलासारखा मोबाइल. झेंडेवाले दाराशी, झेंडे काखोटीला मारून. बराच वेळ गेला. मग डॉक्टर ओरडले, "ओढा!" आणि रेडकू बाहेर आलं. मादी, वगार. हलेना. डॉक्टरांनी नाकातोंडातला चिकटा काढला, छाती चोळली, आणि ती शिंकली! गजानन मटकन खाली बसला आणि रडायलाच लागला.

थोड्या वेळानं डोळे पुसून तो उठला. "डॉक्टरसाहेब, हे वेगळं, ते वेगळं. निषेध करनारच."

"कराच पायजे." डॉक्टर तसेच उघड्या अंगानं अंगणात जाऊन उभे राहिले.

झेंडे वर झाले. पहिल्यानं मूठ उगारून तोंड उघडलं, तोच गजानन धावत आला.

"हळू बोंबला रे! म्हैस बिचकन!"

मग सगळ्यांनी झेंडे हलवत, अगदी कुजबुजत म्हटलं, "मुर्दाबाद, मुर्दाबाद."