चाफा तोडणाऱ्या हाताचा दावा

दोन वर्षांपूर्वीचा मार्चमधला दुसरा शनिवार. कंपनीने देऊ केलेली रक्कम एक लाख ऐंशी हजार. हजर: मी, माझी बायको, आमच्या वकीलबाई आणि विमा कंपनीचे वकील. जागा वसईची लोकअदालत.

तुळिंजच्या बाजारात रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोने बायकोचा उजवा हात भिंतीशी दाबला, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आमचा दावा सहा लाखांचा होता. कंपनीचे वकील म्हणाले, "बाई गृहिणी आहेत. उत्पन्न कुठं बुडालं?"

बायको उठलीच. "चला हो. बसून खाणारी म्हणतायत मला."

तडजोड झाली नाही. दावा पुढे चालला.

भुईगावची आमची वाडी लहान, पण सोनचाफ्याची. पहाटे कळीचा देठ चिमटीत धरून हलकेच फिरवायचा. ओढला की पाकळीला डाग पडतो आणि व्यापारी ते फूल बाजूला काढतो. लग्न झाल्यापासून हे काम तिचं. मी नोकरी केली आणि वाडीचा हिशेब ठेवला. अपघातानंतर तिची चिमूट जुळेना, म्हणून तोडणीला पगारी बाई ठेवावी लागली.

साक्षीआधी मी वकीलबाईंना आकड्यांचा तक्ता नेऊन दिला. त्यांनी तो न उघडताच फाइलमध्ये ठेवला. "काका, आकडे शेवटी. आधी जजसाहेबांना हात दिसू दे. तुम्ही मागे बसा आणि काहीही झालं तरी बोलू नका."

बायकोला त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, दुखणं लपवू नका."

पण आमच्याकडे कोणी तब्येत विचारली की बरं आहे म्हणायचं, ही सवय हाडात मुरलेली. ऑपरेशनच्या संध्याकाळीही भेटायला आलेल्यांना ती तेच सांगत होती.

कोर्टात कंपनीच्या वकिलांनी अगदी आपुलकीने विचारलं, "ताई, आता तब्येत कशी आहे?"

"बरी आहे."

"घरचं सगळं करता ना?"

"करते की. दुसरं कोण करणार?"

तेवढं टाइप झालं. दावा गेला असं मी धरून चाललो.

वकीलबाईंनी फेरप्रश्नांची परवानगी घेतली. हाताचा विषयच काढला नाही. "ताई, केसातलं फूल कोणी तोडलं?"

"यांनी." तिने हनुवटीने मला दाखवलं. "काळं पडलंय बघा. इतकी वर्षं चाफ्याच्या वाडीत राहून यांना अजून देठ धरता येत नाही."

सगळे हसले. कंपनीचे वकीलही.

"मग तुम्ही का नाही तोडलंत?"

तिने हात वर केला, अंगठा बोटाकडे नेला. तो अर्ध्यावर थांबला. "एवढाच येतो, साहेब."

हसू थांबलं. जजसाहेबांनी पुन्हा करून दाखवायला सांगितलं आणि जे दिसलं ते स्वतः सांगून टाइप करून घेतलं. मग विचारलं, "तोडणीच्या बाईला महिना किती देता?" तेव्हा कुठं माझा तक्ता बाहेर निघाला.

निकालपत्रात तिच्या नावापुढे व्यवसाय म्हणून 'फुलशेती' आलं. ती ओळ तिने मला दोनदा वाचायला लावली.

व्याज धरून चार लाख पंचाहत्तर हजार मिळाले. अडीच लाख तिच्या नावाने मुदत ठेवीत, उरलेले तिच्या खात्यात. त्यातून वकीलबाईंना साठ हजारांचा चेक तिनेच दिला. सही डाव्या हाताची. बँकेने ती नव्याने नोंदवून घेतली होती.