दादाने दिलेला आऊट

त्या शनिवारी दादाने स्वतःला संघातून काढले. कॅप्टन तोच होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सोलापुरातल्या एका गिरणीत तो कारकून होता आणि मी शाळेत मराठी शिकवत असे. गिरणीतल्या आणि आसपासच्या पेठांतल्या माणसांचा एक क्रिकेटचा क्लब होता. दादा पुष्कळ वर्षे त्याचा कॅप्टन होता. त्याला जाऊन आता काही महिने झाले. भेटायला येणारी माणसे त्याचे जुने रन सांगतात. त्याचा एक फटका मैदानाबाहेर उभ्या असलेल्या टांग्यांत कसा पडला, घोडे कसे उधळले. मी ऐकून घेतो. मला मात्र त्याचे रन होत नव्हते तेच वर्ष आठवत राहते, आणि आठवले की बसल्या जागेवरून उठावेसे वाटते.

आमच्या क्लबात संघ कागदावर लागत नसे. निम्म्या लोकांना वाचता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांच्या गिरणीतल्या पाळ्या वेगवेगळ्या. म्हणून लग्नाच्या बोलावण्यासारखी सुपारी फिरे. शनिवारी संध्याकाळी दादा कोटाच्या खिशात सुपाऱ्या घालून निघे. ज्याला खेळवायचे त्याच्या दारात उभा राहून त्याच्या हातावर एक ठेवी आणि ‘उद्या या’ एवढेच म्हणे. ज्याला वगळले त्याला कोणी काही सांगत नसे. दादा त्याच्या दारावरून न थांबता पुढे गेला, की त्याने समजायचे. शेवटची सुपारी दादाची स्वतःची. ती तो घरी येऊन देवापुढे ठेवी आणि सकाळी उचलून मैदानावर जाई.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्याचे काय बिघडले ते कोणालाच कळले नाही. तब्येत चांगली होती. लांबच्या दुकानाची पाटी तो माझ्याआधी वाचत असे. पण चेंडू बॅट आणि पाय यांच्या मधून जाई आणि दांडी उडे. पहिल्यांदा सगळे हसले. मग खेळपट्टीवरच्या काथ्याच्या मॅटिंगला दोष दिला, तिचे खिळे पुन्हा ठोकले. मग हसणे थांबले. आमचा विकेटकीपर टांगेवाला होता, त्याच्या तोंडाला लगाम नव्हता. तो एकदा म्हणाला, “कप्तान, तुम्हारा बल्ला रोजा रखा क्या?” त्यानंतर तोही काही बोलेनासा झाला. लोक बोलायचे थांबले, तेव्हा दादा घाबरला असावा.

घरात तो एका जागी बसेना. जेवता जेवता पाटावरून उठायचा, डावा पाय पुढे टाकून बघायचा, पुन्हा येऊन भात कालवायचा. हजामतीच्या आरशासमोर बॅट धरायचा. आरसा लहान, त्यात त्याचे नुसते कोपर दिसायचे. वहिनीने मीठमोहऱ्या घेऊन त्याची दृष्ट काढली, तेव्हा त्याने मागून बॅट पुढे केली.

“हिचीपण काढ.”

“हिच्याकडे कोण बघतंय? चेंडूसुद्धा बघत नाही की,” वहिनी म्हणाली.

मी हसलो. दादा हसला नाही. वहिनीने मुकाट्याने बॅटीवरूनही मूठ उतरवली.

एका संध्याकाळी आम्ही तळ्याच्या काठाने चाललो होतो. तो भराभर चालत होता, मला गाठता येईना. एकदम थांबून म्हणाला, “तू मला काढलं असतंस का?”

“मी कुठं कॅप्टन आहे?”

“मास्तर आहेस. पोराला नापास करतोस की नाही?”

“करतो.”

“ओळखीतला असला तरी?”

“तरी.”

“आणि तुझाच पेपर तुझ्याकडे तपासायला आला तर?”

तो पुन्हा चालू लागला. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाला, “एखाद्याच्या दारावरून पुढं जाताना मी कधी मान खाली घातली नव्हती. आता घालतो.”

त्याला खेळायचे होते. खेळण्यावाचून त्याला रविवार ठाऊक नव्हता. पण आपण दुसऱ्याला लावतो ते माप स्वतःला लावत नाही, हे त्याला सहन होईना. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि त्याला त्यांतली एकच ठेवायची होती.

कुर्डुवाडीच्या रेल्वेतल्या माणसांशी सामना होता. आदल्या संध्याकाळी मी त्याच्याबरोबर निघालो. सगळी दारे झाली. घराकडे वळायचे तर तो विणकरांच्या गल्लीत शिरला. तिथे एका तेलुगू घरात एक तरणा विणकर हातमागावर पातळे विणत असे. पूर्ण हंगाम तो सरावाला येत होता आणि त्याच्या दारावरून दादा दर शनिवारी पुढे गेला होता. दादा दारात उभा राहिलेला पाहून माग थांबला. दादाने उरलेली सुपारी त्याच्या हातावर ठेवली.

“उद्या या.”

विणकराने सुपारीकडे पाहिले, मग दादाच्या खिशाकडे. “अन्ना, मग तुमी?”

“मी अंपायर.”

तेव्हा प्रत्येक संघ आपला एक अंपायर देत असे. घरी आल्यावर वहिनीने देवापुढची रिकामी जागा पाहिली. तिने समई थोडी सरळ केली आणि पाने वाढायला घेतली.

सकाळी मैदानावर टांगेवाल्याने दादाच्या अंगावर पांढरा कोट पाहिला आणि कमरेवर हात ठेवले. “शादी की सुपारी बाँटको दूल्हाच बाहर खड़ा क्या?” सगळे हसले. दादाही हसला. कित्येक दिवसांनी मी त्याला हसताना पाहिले. मला वाटले, सुटला.

दुपारनंतर आम्हाला थोडे रन हवे होते. विणकर चांगला टिकला होता. दादाच्या जागी, दादाच्याच नंबरावर. त्याचे फटके दिसायला चांगले नव्हते, पण चेंडू बॅटीवर येत होता. लोक ओरडू लागले. बोलर दादाच्या बाजूने आला, चेंडू विणकराच्या पॅडवर लागला आणि कुर्डुवाडीची माणसे एका आवाजात ओरडली. दादाचे बोट वर गेले. त्याला वेळ लागला नाही.

विणकराने बॅट काखेत मारली आणि तो चालू लागला. आम्ही हरलो.

मॅटिंग गुंडाळताना आमच्यातलाच एक जॉबर, गिरणीतला मुकादम, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “जागा सोडली, पर दुसऱ्याला काय बसू दिली न्हाय की.”

“चुप!” टांगेवाला म्हणाला. “आउट था सो दिया.” पण बोट वर गेले तेव्हा तो पाठ करून पॅड बांधत होता. त्याने काही पाहिले नव्हते.

दादाने मॅटिंगची दोरी आवळली. घरी येताना त्याने विचारले, “तू कुठं बसला होतास?”

“लिंबाखाली. बाजूला.”

“म्हणजे तुला दिसलं नाही.”

“नाही.”

पुष्कळ अंतर चालून गेल्यावर म्हणाला, “सरळ होता.” आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर, “सरळच होता ना?”

त्यानंतर तो खेळला नाही, अंपायरही झाला नाही. कॅप्टनपद टांगेवाल्याकडे गेले. लोकांना वाटले, दादा रुसला. तो रुसला नव्हता. अंगणात कोळशाने दोन रेघा ओढून तो मला उभा करी. “तू विणकर. पाय जरा आत घे. अजून. हां.” मग समोर जाऊन, डोळे बारीक करून, माझ्या पायाकडे बघत राही. वहिनी दुसऱ्या दिवशी सडा घाली, रेघा जात, काही दिवसांनी तो पुन्हा ओढी. पुढे रेघा बंद झाल्या. प्रश्न बंद झाला नाही. हजामत करता करता, पंचांग चाळता चाळता तो मधेच म्हणे, “मला दिसलं म्हणून मी बोट वर केलं, की त्यानं माझ्या जागेवर मॅच जिंकू नये म्हणून मला तसं दिसलं?”

“आऊट असेल, दादा.”

“असेल नको.”

आपण स्वतःला काढले ते स्वच्छ मनाने, एवढेच त्याला हवे होते. आणि त्याची खात्री त्याला एका चेंडूवरून करायची होती. शेवटच्या आजारात ताप चढला की तो मला म्हणे, पाय जरा आत घे.

परवा विणकर भेटायला आला. त्याचे केस पांढरे होऊ लागले आहेत. वहिनीला नमस्कार करून तो माझ्याजवळ सतरंजीवर बसला. त्या सामन्यानंतर तो बरीच वर्षे खेळला होता. चहा आल्यावर मी विचारले, “त्या दिवशी तू आऊट होतास का?”

कोणता दिवस, हे त्याने विचारले नाही.

“मास्तर, मला काय ठावं? मला चेंडू दिसलाच न्हाय. दिसला असता तर मारला नसता व्हय?”

“दादानं तुला कधी विचारलं?”

“न्हाय. रस्त्यात भेटायचे, थांबायचे. वाटायचं, आता इचारतील. मग म्हनायचे, धंदा कसा हाय.”

“तुला राग नव्हता?”

“व्हता की. चार दिस. मग दुसरी मॅच आली.”

चहा पिऊन तो उठला. मी त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवून आलो.

आता घरात वहिनी आहे आणि मी आहे. चेंडू सरळ होता की नव्हता, ते आम्हा कोणालाच माहीत नाही.