गुलाबी पाण्याची परीक्षा

आमच्या घरी स्थळाच्या पत्रिकेऐवजी परीक्षानळी बघितली गेली, ती एकदाच. परीक्षा मी घेतली होती, त्यामुळे पुन्हा तशी वेळ कुणी येऊ दिली नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होतो आणि आम्ही नेरूळला नव्या फ्लॅटमध्ये राहत होतो. माझी मेहुणी नंदा, म्हणजे माझ्या बायकोची, मंगलची धाकटी बहीण, हिला उरणचं एक स्थळ आलं होतं. मुलगा शैलेश. त्याचं आमच्याच सेक्टरात कोल्ड स्टोरेजचं, म्हणजे गोठवलेल्या मांसमच्छीचं दुकान होतं, म्हणून बघण्याचा कार्यक्रम आमच्याकडे ठरला. नंदाने त्याला दुकानात परस्पर बघून घेतलं होतं आणि तिला तो पसंतही होता. पण सासरे म्हणाले, "जावईबापू सायन्सवाले आहेत. ते हो म्हणाले तर हो."

एवढा अधिकार मला त्याआधी कुणी दिला नव्हता. (त्यानंतरही नाही.)

शैलेश येताना चिकन सॉसेजचं पाकीट घेऊन आला. मंगलने ती तळून पोह्यांच्या शेजारी मांडली. आणि मला पहिला संशय आला. शिजवलेलं चिकन पांढरं पडतं. हे गुलाबी कसं?

"नायट्राइट," मी मंगलच्या कानात म्हणालो.

"अहो, पाहुण्यांसमोर इंग्लिशमध्ये शिव्या नका देऊ."

नायट्राइट माझ्या रोजच्या ओळखीचा. कंपनीत यंत्रं थंड करायच्या पाण्यात तो घालायचे, पाइप गंजू नयेत म्हणून. ते पाणी मी तपासायचो: बाटलीतल्या औषधाचे दोन थेंब टाकायचे, पाणी गुलाबी झालं की नायट्राइट आहे. आमचे साहेब सांगायचे, की हाच नायट्राइट पोटात गेला, तिथल्या आम्लात मांसामाशांतल्या अमाइनला भेटला, की दोघांचं सूत जुळून नायट्रोसमाइन तयार होतं, आणि त्याने कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे पोटातही एक स्थळ जुळत होतं, आणि ते मोडणं माझं कर्तव्य होतं!

औषधाची बाटली आणि परीक्षानळी माझ्या ऑफिसच्या बॅगेत होत्याच. नव्हती ती पिपेट. लॅबमध्ये आम्ही काचेच्या नळीने तोंडाने ओढून पाणी घ्यायचो, वर बोट दाबायचं, की पाहिजे तेवढं सोडता यायचं. मी पोरांच्या सरबताचा स्ट्रॉ घेतला. सॉसेजचा तुकडा पाण्यात कुस्करला, ते पाणी स्ट्रॉने ओढलं, परीक्षानळीत सोडलं. दोन थेंब. गुलाबी!

"बघा," मी नळी सगळ्यांपुढून आरतीसारखी फिरवली.

शैलेश शांतपणे म्हणाला, "घालतात, दादा. पाकिटावर छापलंय. नाय घातला तर मांसात त्याहून वाईट विष धरतं. पण रोज खायची चीज नाय ती. मी गिऱ्हाइकाला पण तेच सांगतो."

इतक्या लवकर कबूल करणारा माणूस मला नेहमीच संशयास्पद वाटतो.

त्याची आई म्हणाली, "मंग तुमचं पोहं पन तपासा की, भाऊ. आमीच काय गुन्हेगार हाय?"

पोहे पाण्यात कालवून ते पाणी ओढलं. गुलाबी. मंगलचा चेहराही त्याच रंगाचा झाला. "माझ्या पोह्यांत?" त्यांनी आणलेल्या नारळाचं पाणी तपासलं. गुलाबी. शेवटी लॅबच्या शिस्तीप्रमाणे नुसतं नळाचं पाणी घेतलं, जे गुलाबी होऊच शकत नाही.

झालं.

सासरे नेमकं तेच पाणी पीत होते. त्यांनी तोंडातला घोट ना गिळला, ना थुंकला. मी गॅलरीत धावलो आणि खाली सेक्रेटरींना ओरडून सांगितलं, "टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, पाण्यात भानगड आहे." पाचच मिनिटांत अर्धी सोसायटी आपापल्या पाण्याचे पेले घेऊन आमच्या दारात. मी ओढतोय, सोडतोय, सगळे पेले गुलाबी. कुणी तळोज्याला शिव्या देतंय, कुणी बिल्डरला.

सासरे अखेर घोट गिळून उठले. "ज्या घरात पाणीसुद्धा असं, तिथे शुभकार्य नको. चला."

नंदाचा चेहरा उतरला. पण ती रडणाऱ्यांतली नव्हती. ती स्वयंपाकघरातून धुतलेला चमचा घेऊन आली. "भावोजी, सरका." तिने परीक्षानळी धुतली, चमच्याने नळाचं पाणी तिच्यात ओतलं, दोन थेंब टाकले. पाणी स्वच्छ. पोहे, नारळ, शेजाऱ्यांचे पेले, सगळं स्वच्छ. सॉसेज मात्र गुलाबी, पण फिकट.

"आता इथे थुंका."

"काय?"

"थुंका, भावोजी. तो स्ट्रॉ कुणाच्या तोंडात होता?"

अर्ध्या सोसायटीसमोर मी थुंकलो. दोन थेंब पडले, आणि नळीत जो रंग उमटला, तसा शालू नंदाच्या लग्नातही मिळाला नाही!

दुसऱ्या दिवशी साहेब हसत म्हणाले, "अरे, नायट्राइट थुंकीत असतोच. पालक, मुळ्यात नायट्रेट असतं, त्याचं तोंडातले जंतू नायट्राइट करतात. काल काय जेवला होतास?" पालकाची भाजी. दोनदा घेऊन.

लग्न झालं. मांडवात कोकम सरबताचे पेले फिरत होते. शैलेशची आई पेला उजेडात धरून म्हणाली, "रंग चांगला हाय गो. काय घातलंय यात?"

नवरी मुंडावळ्या सावरत म्हणाली, "काही नाही, आई. साधं पाणीच आहे. भावोजींनी फक्त तोंड घातलंय."