अण्णाच्या गाडीचा गंज

साठी उलटलेल्या माणसाने गाडीखाली झोपू नये. झोपलाच तर उठायची घाई करू नये. धारवाडच्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये पुठ्ठा अंथरून मी दोन वर्षं गाडीखाली झोपत आलो, आणि दर वेळी आधी कुशीवर, मग कोपरावर, मग बंपर धरून, असा हप्त्याहप्त्याने उभा राहत आलो. डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर गॉगल, नाकाला फडकं. एवढं करूनही संध्याकाळी तोंड धुतलं की बेसिनमध्ये तांबडं पाणी उतरायचं. ते पाहिलं की मला मनापासून कंटाळा यायचा. गाडीचा, गंजाचा आणि माझाही.

गाडी माझी नव्हे, अण्णाची. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, वकील. त्याने ती हौसेने घेतली तेव्हा नवी कोरी होती. दिसायला चार दरवाजांची साधी, बैठी गाडी, पण बॉनेटखाली असं इंजिन होतं की काटा वर चढू लागला की तिचा आवाजच बदलायचा. त्या आवाजासाठी अण्णा निमित्तं शोधायचा. कलघटगीच्या कोर्टात नुसती पुढची तारीख मिळाली तरी स्वारी हसतमुखाने घरी यायची. रविवारी काहीही काम नसताना अळणावरपर्यंत जाऊन यायचा, जंगलातल्या वळणांसाठी. वहिनी तोवर फाटकाकडे कान लावून बसलेल्या असायच्या.

मी शाळामास्तर. हुबळीला लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत बसने गेलो, बसने आलो, आणि निवृत्त झालो. लग्न केलं नाही. वरच्या मजल्यावर मी, खाली अण्णा आणि वहिनी. गाड्यांबद्दल वाचायचा नाद मात्र मलाच जास्त. ऑइल कुठलं, टायरमध्ये हवा किती, हे मी सांगायचो आणि अण्णा ‘हो मास्तर’ म्हणून निघून जायचा.

शेवटच्या आजारात, अंथरुणावरून, त्याने मला एवढंच सांगितलं, ‘गाडी गंजू देऊ नकोस.’ मी ‘हो’ म्हणालो. आयुष्यभर त्यानेच माझं सगळं पाहिलं होतं. माझ्याकडे काही मागितलं ते हे पहिलंच. हे एक काम तरी चोख करून दाखवायचं, असं मी मनाशी पक्कं केलं.

मी जाड, पाणी न शिरणारं कव्हर आणलं. दर रविवारी कव्हर काढून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, वरून दोन बादल्या पाणी ओतून फडकं मारायचं, पुन्हा कव्हर. धारवाडचा पाऊस कोसळत नाही, तो मुक्कामाला येतो. जूनपासून कपडे वाळत नाहीत आणि पापड मऊ पडतात. तेव्हा तर मी कव्हरची दोरी आणखी आवळून बांधायचो. कोणी आलं-गेलं की म्हणायचो, चार वर्षं झाली, गाडीला धूळ लागू दिलेली नाही. हे सांगताना माझी छाती फुगायची, ते खोटं कशाला बोलू?

मग एका श्रावणात दार उघडलं तर आत कुबट वास. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचा गालिचा हाताने दाबला तर पाणी वर आलं. गालिचा उचलला आणि खालच्या पत्र्यावर अंगठा टेकवला. अंगठा आरपार गेला. खालची पोर्चची फरशी दिसली.

हुबळीहून पत्राकाम करणारा मिस्त्री बोलावला. त्याने चाक काढलं, दिवा आत घातला, आणि मग पुढच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी असलेली काळी जाळी उचकटली. काचेवरचं पाणी त्या जाळीतून खालच्या पन्हळीत उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकामागे निघून जातं. भोकं बुजली होती. पन्हळ भरून पाणी गाडीत उतरत होतं. मिस्त्रीने बोटाने काळा चिखल काढून माझ्यापुढे धरला. त्यात झेंडूचे देठ होते, फुगून सडलेल्या अक्षता होत्या, कुंकवाचा तांबूस थर होता.

खंडेनवमीला आमच्याकडे गाडीची पूजा व्हायची. वहिनी बॉनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढायच्या आणि काचेच्या पायथ्याशी ओंजळभर फुलं, अक्षता वाहायच्या. अण्णा गेल्यावरही त्यांनी पूजा सोडली नाही. नवरा गेलेल्या बाईने हे करावं का, असं शेजारी कुजबुज झाली. वहिनींनी तिकडे लक्ष दिलं नाही. आणि त्यांची फुलं घसरत होती ती थेट त्या जाळीत.

‘सर, इदु हळेदल्ल,’ मिस्त्री म्हणाला. गंज जुना नाही, तीन-चार पावसाळ्यांचा असेल. मी त्याला उडवून लावलं. म्हटलं, वीस वर्षांची फुलं आहेत ही, मला माहीत आहे. आणि तसाच स्वयंपाकघरात गेलो.

वहिनी पालेभाजी निवडत होत्या. मी तो चिखल त्यांच्यापुढे धरला. ‘बघा, काय केलंय तुमच्या पूजेने. देवाला वाहिलेली फुलं गाडी खाऊन बसली. अण्णाने मला एक गोष्ट सांगितली होती, तीही तुम्ही होऊ दिली नाही.’ शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. तोंडातून गेलं ते गेलं. शाळेत चाळीस वर्षं पोरांवर ओरडून जीभ तशी झाली, असं मी म्हणू शकतो, पण ते कारण मलाही पटत नाही. वहिनी ‘बरं’ म्हणाल्या आणि मेथीची पुढची काडी घेतली.

त्यानंतरची दोन वर्षं गंजात गेली. सीट काढल्या, गालिचे काढले. तारेच्या ब्रशने पत्रा घासायचा, आणि जिथे गंज संपला असं वाटतं तिथे टोचून पाहायचं. टोचलं की तो पुढे असायचाच. मिस्त्रीने सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग केला. बाकीच्यावर मी गंज काळा पाडणारं औषध लावलं, मग प्रायमर, सांध्यांना सील, खालून जाड काळा थर. दाराखालच्या पोकळ पट्ट्यांत बारीक नळी घालून मेण फवारलं. एका पावसाळ्यात सकाळी घासून लखलखीत केलेला पत्रा दुपारी पुन्हा तांबूस झाला. मी खाली बसलो आणि, सांगायला लाज वाटते, रडलो. पाठ दुखत होती म्हणून नव्हे. अण्णा ज्या गाडीत शीळ घालत बसायचा, ती मी ब्रशने घासूनघासून संपवतोय, असं वाटलं. गाडी भंगारात द्यावी, असं निदान दहा वेळा तरी मनात आलं. दर वेळी त्याला दिलेला ‘हो’ आठवायचा आणि मी पुन्हा पुठ्ठ्यावर आडवा व्हायचो.

वहिनी मधल्या वेळचा चहा पोर्चच्या कट्ट्यावर ठेवून जायच्या. गाडीबद्दल चकार शब्द नाही. त्या दोन दसऱ्यांना गाडी उघडीनागडी होती, तेव्हा पूजेचा प्रश्नच आला नाही. निदान मी तरी तसं समजलो.

गेल्या खंडेनवमीला गाडी उभी राहिली. सकाळी मी ती अंगणात काढून धुतली, पुसली. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. वहिनी तबक घेऊन आल्या. त्यांनी बॉनेटवर बोटाने कुंकवाचा एक टिपका लावला, हात जोडले आणि वळल्या. तबकात ना झेंडू होता ना अक्षता.

मी म्हणालो, ‘वहिनी, फुलं घाला की.’

‘साकु भावजी. एवढं पुरे.’

‘माझं चुकलं तेव्हा. वीस वर्षं घातलीत, यंदाच का नको?’

त्या पायरीवर बसल्या. नेहमीच्याच आवाजात बोलायला लागल्या, ‘वीस वर्षं घातली, तर तेव्हा कुठं गंज आला होता? दसरा झाला, मी आंघोळीला गेले, की हे ती जाळी काढून बसायचे. माझा जुना ब्रश घेऊन आतलं सगळं साफ करायचे. फुलं कागदात गुंडाळून तुळशीत नेऊन टाकायचे. मला कळू नये म्हणून घाईघाईने करायचे बघा. खिडकीतून दिसायचं की.’

‘आणि तुम्ही काही म्हणाला नाही?’

‘काय म्हणायचं? घालू नको असं त्यांनी कधी म्हटलं नाही. काढताय काय, असं मी कधी विचारलं नाही.’

‘मग मला तरी सांगायचं होतं, वहिनी. अण्णा गेल्यावर.’

‘तुम्हाला गाडीचं सगळं माहीत, असं तुम्हीच म्हणायचा की. पूजा झाली की लगेच कव्हर ओढायला धावायचा. मला वाटलं, नंतर तुम्ही काढत असाल.’

मी काढत नव्हतो. मला ती जाळी उघडते हेसुद्धा ठाऊक नव्हतं. चार वर्षं मी ओली फुलं कव्हरखाली दोरीने आवळून बांधत आलो, आणि त्याचं खापर त्यांच्यावर फोडलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की वर बघवेना. शेवटी म्हणालो, ‘मी बागेतून झेंडू आणतो. तुम्ही घाला.’

‘नको भावजी,’ वहिनी तबक उचलून उठल्या. ‘घातली असती हो. पण आता काढणार कोण?’

मी फडकं हातात घेऊन त्यांच्या समोरच उभा होतो.