वाणात दिलेला नगारा

माझ्या माहेरी धुळवडीला जावयाला गाढवावर बसवतात. केज तालुक्यातलं आमचं गाव, आणि चाल जुनी आहे. जावई आदल्या दिवशी पळतो, लपतो, पोरं त्याला हुडकून आणतात, गळ्यात खेटरांचा हार घालून गावभर मिरवतात. शेवटी नवे कपडे देतात, म्हणून कुणी रुसत नाही. खरी मजा त्याच्या पळण्यात असते. माझा नवरा पळालाच नाही. लग्नानंतरच्या पहिल्या धुळवडीला तो तेलगावहून मोटारसायकलवर आपण होऊन आला आणि माझ्या भावांना म्हणाला, "चला, कुठं हाय गाढव?" भावांची तोंडं एवढीशी झाली.

त्याला मागंपुढं कुणी नाही. आईबाप लहानपणीच गेले, चुलत्याच्या दारात वाढला, विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं काम शिकला आणि तेलगावात दुकान टाकलं. लग्न ठरवताना त्याने मला पाहिलं की माझ्या दोन भावांना, याची मला अजून शंका आहे. "मला भाऊ मिळाले," असं तो दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. मला संताप यायचा, कारण माझे भाऊ मला ठाऊक होते. कुणाला तरी रडवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

दोघे मोबाइलवर एक गेम खेळायचे. राक्षस, चेटकिणी, काळे गड आणि त्या गडांसाठी लढाया. माझा नवराही तोच खेळायचा, पण एकटा. लाइट गेल्यावर मोटारीच्या दुकानात दुसरं काम काय? लग्नाआधीपासून खेळून खेळून त्याने आपला तलवारवाला योद्धा चांगला तगडा केला होता. मला तुमच्या टोळीत घ्या म्हणून तो भावांच्या मागे लागायचा, आणि ते त्याला झुलवत ठेवायचे.

त्या खेळात एक रणनगारा होता. तो वाजला की आपल्या टोळीचा घाव दुप्पट बसायचा. पण नगारा शापित होता. वाजवणाऱ्याला तलवार धरता यायची नाही, दर लढाईत त्याची ताकद कायमची घटायची, आणि ती संपली की योद्धा खेळातून पुसला जायचा. एकदा घेतला की खाली ठेवता येत नव्हता, दुसऱ्या कुणी राजीखुशीने घेतला तरच सुटका. माझ्या धाकट्या भावाने हावरेपणाने तो उचलला आणि अडकून बसला.

त्याच साली धोंड्याचा महिना आला. जावयाला जेवायला बोलवायचं, वाण द्यायचं. आईने पुरणाचे धोंडे केले, पाटाभोवती रांगोळी काढली, तूप सोडताना हात आखडला नाही. जेवण अर्ध्यावर असताना धाकट्याने आपल्या मोबाइलवरून नगारा धाडला. "दाजी, आजपासून तुमी आमच्या टोळीत. ह्यो नगारा तुमचं वाण. वाणाला न्हाई म्हनू नये." नवऱ्याने उठून हात धुतला, आपला मोबाइल कपाळाला लावला आणि नगारा घेतला. थोरला भाऊ स्वयंपाकघरात येऊन हसायला लागला. मला वाटलं, कौतुकाने हसतोय.

मग रोज संध्याकाळी फोन. "दाजी, या लवकर, तुमच्याबिगर लढाई न्हाई." हा हातातली मोटार तशीच टाकायचा. टोळी गडामागून गड घेत सुटली आणि लूट माझ्या भावांच्या घशात. कुणाची म्हैस अन् कुणाला ऊठबस! एका रविवारी मी त्याच्या शेजारी बसून बघितलं. एका फटक्यात राक्षस लोळवणारा त्याचा योद्धा रानडुकराच्या धडकेने आडवा झाला होता.

मी थोरल्याला फोन लावला. तो लपवाछपवी न करता सगळं सांगून मोकळा झाला. "अगं, गंमत हाय. गाढवाला एवढा राजी व्हता, तवा म्हनलं ह्ये बी घेईल." मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. तो हसतच होता.

नवऱ्याला मी नगाऱ्याचा शाप सांगितला. तो चिडावा, भांडायला उठावा, असं मला फार वाटत होतं.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "घेतानाच वाचलं व्हतं."

"मग कावून घेतला तुमी?"

"वाण कुणी परत करतं व्हय? आन नगारा नसला तर मला फोन कोन करंल?"

त्या वेळी मला भावांपेक्षा त्याचाच जास्त राग आला. इतकं लाचार कुणी असावं का! मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. तो मात्र रोज नगारा वाजवत राहिला.

शेवटचा गड मोठा होता. मोबाइलमधून दोघांचा आरडाओरडा मला चुलीपाशी ऐकू येत होता. "वाजवा दाजी, वाजवा! आजून एकदा!" मी बाहेर येऊन म्हटलं, बस करा. त्याने आणखी एकदा वाजवला. योद्धा गुडघ्यावर आला, पडला आणि दिसेनासा झाला. गड पडला. भाऊ बेभान ओरडत होते. "जिकलो ना आपुन?" त्याने विचारलं, पण तोवर त्यांनी फोन ठेवला होता.

त्यानंतर फोन आला नाही. संध्याकाळी तो मोबाइल जवळ घेऊन बसायचा. मग एक दिवस बघते तर नवा योद्धा काढून जंगलात उंदीर मारत होता. अगदी पहिल्यापासून. मला म्हणाला, "तू विचार ना तुझ्या भावाला. म्हनावं, दाजी परत आलेत. नगारा कुनाकडं हाय?"

मी विचारलं. धाकटा म्हणाला, "कोनता नगारा? आमी कवाच सोडला त्यो गेम. लई बोर व्हता."

माणसं माझ्या माहेरची, तेव्हा सांगणं मलाच भाग होतं. मी काही झाकलं नाही, जसंच्या तसं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मोबाइल पुसला आणि विचारलं, "मग आता कोनता खेळत्यात?"