कडूकंदाची टोपली

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आणि मी म्हणजे कोण? मोखाड्याच्या बाजारात चहाच्या टपरीवर जो गोष्ट सांगायला लागला की जीपवाला भरलेली गाडी थांबवून ऐकतो, तो. जानीकाकीच्या कडूकंदाची गोष्ट तर इतकी गाजली आहे की मी तोंड उघडायच्या आधीच लोक हसतात. त्यातला एक तुकडा मात्र मी आजवर गिळत आलो. तुम्ही समोर नाही — म्हणून जमतंय बहुतेक.

कडूकंद कधी खाल्लाय? पोशेऱ्याकडच्या आमच्या पाड्यात भादव्यात घरातलं भात, नागली संपायची आणि नवं पीक शेतात हिरवंच असायचं. त्या दिवसांत रानातल्या या कंदावर चुली पेटायच्या. पण तो तसाच खाल्ला तर माणूस आडवा होतो. चकत्या करायच्या, राख घालून शिजवायच्या, टोपलीत भरून रात्रभर ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. विख पाण्याबरोबर जातं. खणून आणायचा सगळ्यांनी, शिजवायचा-धुवायचा जानीकाकीनं, आणि मग घरोघरी वाटा. ज्याच्या घरात खणायला कुणी नाही त्यालाही. काकी आमच्या शेजारची, विधवा, शेत नसलेली. हे काम हाच तिचा मान, आणि तिचा घासही.

मी तेव्हा डीएड होऊन घरी बसलेला. नोकरीची वाट बघायची आणि मासे धरायचे. खडकापाशी ओहोळाचे दोन फाटे होतात. एकाच्या तोंडाला दगड, पाला, चिखल लावला की पाणी दुसरीकडे वळतं, आणि उघडे पडलेले मासे हातांनी वेचता येतात. त्या संध्याकाळी मी तेच केलं. त्याच फाट्याच्या खालच्या वळणावर काकीची टोपली आहे हे मला ठाऊक होतं का? — होतं. जाताना बांध फोडू, म्हटलं. मासे भरपूर मिळाले. त्या आनंदात घरी गेलो.

सकाळी आठवलं तसा धावलो. टोपली कोरड्या दगडांवर. बांध फोडला, पाणी आलं, आणि तेवढ्यात काकी वरून उतरली.

"पानी रातभर चालू होता ना रं, मास्तर?"

"खळखळ होता, काकी. तुझ्या कंदाला झोप नाय लागली."

"तुझ्या तोंडाला कवा लागंल?" ती हसली आणि वरची चकती चाखली. पहाटे झिमझिम झाली होती — वरचा थर तेवढा धुतला असावा. टोपली तिच्या डोक्यावर चढवायला हात मी लावला.

दुपारी पाडा ओकत होता. पोरं, म्हातारे — काहींना झोळीत घालून मोखाड्याच्या दवाखान्यात नेलं. काकी स्वतः ओकत होती आणि दारोदारी पाणी पाजत फिरत होती. कुणी मेलं नाही. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल? मी त्या दिवशी मासे जेवलो. आई कंद जेवली. माझ्यासमोर.

लोक म्हणाले, काकीचा हात बिघडला. मी गप्प राहिलो असतो तरी पुरे होतं. पण मी गोष्ट रचली — कोण कुठे ओकला, कोण धोतर धरून पळाला — आणि तिला नाव दिलं, कडूकाकी. पोरं तिच्या मागून तसं ओरडू लागली. पुढच्या वर्षी तिच्या दारात कुणी कंद टाकला नाही. तिच्याकडे हे काम शिकायला पोरी येत होत्या, त्याही थांबल्या. दुसऱ्या कुणाच्या हातचा खायची हिंमत होईना. भादवा तसाच राहिला, फक्त मधला आधार गेला. भिवंडीकडे कामाला जाणारी माणसं लवकर जाऊ लागली, पोरांना घेऊन. जे जाऊ शकत नव्हते ते रेशनच्या तांदळाची पेज पातळ करत राहिले. काकी त्यांतलीच.

ती आपल्यापुरता कंद खणायची. पुन्हा पुन्हा धुवायची, जिभेवर ठेवायची, आणि टाकून द्यायची. तिचा स्वतःच्या जिभेवरचा भरवसाच उडाला होता.

एकदा ती माझ्या दारात आली. तोवर मी खरोखरचा मास्तर झालो होतो, पक्क्या घरात राहत होतो. तिनं विचारलं, "तू शिकलेला हायेस. माझं काय चुकलं असंल रं?"

"वय झालं, काकी," मी म्हणालो.

तिला ते पटलं. मागच्या भादव्यात ती गेली, तोवर तिला तेच खरं वाटत होतं.