विहिरीला कान लावणारे साडू

"थुंका! चहा थुंका आधी, मग बोला!"

माझे साडू एवढ्या जोरात ओरडले की रफीकच्या यार्डातल्या एका मोडक्या जीपचा उरलासुरला आरसा निखळून पडला. चहा रफीकच्या आईनं, म्हणजे चाचींनी केला होता, आणि "पाणी कुठलं?" या प्रश्नाला त्यांनी नुकतंच मोठ्या अभिमानानं "आपल्या हिरीचं" असं उत्तर दिलं होतं.

माझ्या साडूंइतका मातीवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या मुळशीत जमिनीवर काय, जमिनीखालीही सापडायचा नाही. माती-पाण्यात कुठलं विष मुरलंय ते शोधणं हा त्यांचा धंदा. नमुने थंड ठेवावे लागतात, म्हणून त्यांच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी निम्मा तालुका डब्यांत भरलेला असतो. एकदा मेव्हणीनं गडबडीत मला मारुंजीच्या मातीची कॉफी पाजली. पुढे आठवडाभर माझ्या पोटात प्लॉटिंग चालू होतं. आणि बोलणं असं, की नुसते किती वाजले विचारा, साडू पृथ्वी थंड कशी झाली तिथून सुरुवात करतात.

माणजवळ जुन्या गाड्या खोलणारा रफीक माझा शाळासोबती. त्याच्या शेळ्या विहिरीच्या पाण्याला तोंड लावीनात, म्हणून मी साडूंना घेऊन गेलो. चाची लग्न होऊन आल्या त्या याच विहिरीवर. त्यांचं पिणं, त्यांची मेथी, भाडेकरूंच्या खोल्या, सगळं त्याच पाण्यावर. "तपासा खुशाल, पर हिरीला नाव ठेवायचं न्हाई," अशी त्यांची ताकीद होती.

जमीन बघायला पाहुणे येणार, तर रफीकनं काय करावं? ट्रकभर ताजा लाल मुरूम आणून अख्ख्या यार्डात पसरला!

"साहेब, झ्याक दिसतंय का न्हाई?"

"रफीकभाई," साडूंनी कपाळाला हात लावला, "पेशंटला पावडर लावून आणलात!"

मग त्यांनी आपलं पुरुषभर उंचीचं गिरमिट मुरमात फिरवायला घेतलं. पहिल्यांदा लाल माती आली. मग तांबूस. आणि मग काळी, चकाकती, जिवंत असल्यासारखी ओघळणारी. इंजिनाच्या ऑइलचा वास उठला तसा मी भोवती पाहिलं. रचलेल्या गाड्यांच्या काचांवर दसऱ्याच्या वाळक्या माळा लोंबत होत्या, वारा नसताना हलत होत्या. फुटके दिवे डोळ्यांच्या खोबण्यांसारखे सगळे आमच्याचकडे.

"गाडी खोलली की ऑइल खालीच सांडतंय," रफीक हळूच म्हणाला. "माती पिऊन टाकती, असं वाटायचं."

"पिते," साडू म्हणाले. "पण पोटात ठेवत नाही."

ते विहिरीशी गेले, चपला काढल्या आणि कठड्यावर आडवे होऊन कान लावला. आत पाण्यावर सप्तरंगी साय. मी खडा टाकला, तर आवाजसुद्धा तेलकट आला.

"चाची, इथला बेडूक शेवटचा कधी ओरडला?"

चाची हसायला गेल्या आणि तशाच थांबल्या. रफीकनं माझ्याकडे पाहिलं. कुणालाच आठवेना. त्या भर दुपारी ती विहीर अगदी गप्प होती.

तपासणीत व्हायचं तेच झालं. विहिरीवर जाळी बसली, टँकर सुरू झाला, रफीकनं गाड्या खोलायला काँक्रीटचा पक्का ओटा बांधला. चाची महिनाभर साडूंशी बोलल्या नाहीत. साडू मात्र सुट्टीच्या दिवशी अजून तिथं जातात आणि जाळीवर कान ठेवून पडून राहतात. आता चाची त्यांच्यासाठी टँकरच्या पाण्याचा चहा घेऊन येतात.

परवा मीही होतो. कप पुढे करत चाचींनी विचारलं, "आला का रं बेडूक?"

मी साडूंच्या तासाभराच्या व्याख्यानाची तयारी करून मांडी ठोकली.

"नाही, चाची," साडू म्हणाले.